अडवलेलं पाणी

८ जुलै, शनिवार

धावले! डबा अर्धा टाकून, एका बुटाची टाच दाबलेली, तशीच. पण गेट वेळेत खाली पडलं. चाक फिरवताना तळहात सोलला. यार्डातले गयासभाई मागून ओरडत होते, "मॅडम, छोडो, मैं करतूं!" – त्यांची वाट बघत बसले असते तर पाऊस थोडाच थांबणार होता?

पाऊस सुरू झाला की यार्डातलं सुरुवातीचं पाणी नाल्यात जाऊ द्यायचं नाही – माझी कंपनीतली सगळी नोकरी एवढ्या एका वाक्यात मावते. आमच्याकडे लोखंडाला जस्ताचा मुलामा देतात. खांब, जाळ्या, अँगल – सगळं उघड्यावर रचलेलं. आम्ल, जस्त, क्रोमचं पिवळं पाणी, थोडं थोडं सांडतच असतं. पाऊस आला की ते सगळं धुऊन निघतं आणि उताराने सरळ नाल्याकडे पळतं. म्हणून हे गेट. ते पडलं की पाणी वळून हौदात जातं. यार्ड धुतलं गेलं, पाणी तपासलं, की गेट वर. मग चांगलं पाणी नाल्याला. हौदातलं प्लांटमध्ये, साफ व्हायला.

आज हौद काठोकाठ. हळदीचे हात धुतल्यासारखा रंग.

संध्याकाळी आबांचा फोन. कंपनीच्या मागच्या भिंतीपासून आमचं गाव हाकेच्या अंतरावर, आणि नाला गावातूनच जातो. "संध्ये, लई नितळ पाणी आलं बग. तळाची वाळू दिसती." हा हौद बांधून घ्यायला मी साहेबांशी किती भांडले ते त्यांना माहीत आहे. हौद झाला त्या दिवशी गावात जिलेबी वाटली होती त्यांनी! माझ्या पोरीनं नाला धुतला, म्हणून सांगत फिरतात.

शुगर तपासली का विचारलं तर फोनच ठेवला. डॉक्टर म्हणतात किडन्या निम्म्यावर आल्यात. पण हा माणूस ऐकेल तर शपथ!

९ जुलै, रविवार

हाताला फोड. अतुल म्हणाला, "नवरा मास्तर, बायको चाकवाली." पोळ्या त्यानेच केल्या. एकही गोल नाही.

२६ जुलै, बुधवार

प्लांटचं फिल्टर बंद पडलं. भाग पुण्याहून यायचाय. म्हणजे हौद रिकामा करायची सोय नाही. शिवराजसाहेबांना – आमचे मॅनेजर – म्हटलं, पाऊस आला तर नवीन पाणी ठेवायचं कुठे? म्हणाले, "बघू." हे बघू मी चांगलं ओळखते. या बघूवर माणसं रिटायर झालीत.

११ ऑगस्ट, शुक्रवार

पाऊस आलाच नाही. साहेबांचं फावलं.

ऑगस्टात मे महिन्यासारखं ऊन. गावच्या विहिरीचा तळ दिसतोय. नाल्यात नुसता तडकलेला चिखल. टँकर येतो, तो निम्मा भांडणात सांडतो. आणि जाळीच्या कुंपणापलीकडून सगळ्यांना काय दिसतं? आमचा हौद! भरलेला. गाळ खाली बसला, रंगही वरून उतरल्यासारखा झाला. उन्हात चकाकतो मेला.

आज जाळीपाशी बायका उभ्या होत्या. नुसत्या बघत. त्यातल्या दोघी माझ्याबरोबर शाळेत होत्या. मी हात केला. त्यांनी केला नाही.

मग गोकुळ आला. त्याच्या शेळ्या आहेत, बऱ्याच. "ताई, सोडा की थोडं. जनावरं तडफडायलीत." म्हटलं, गोकुळ, त्यात विष आहे. "कुठं दिसतंय इष? दाखवा ना." खरंच दिसत नव्हतं! कसं दाखवू? आणि ऊन पाणी आटवतंय तसं ते जास्तच कडक होत चाललंय, हे जाळीतून कसं सांगू?

गयासभाई म्हणाले, "मॅडम, इधर पानी रोकनेवाले को लोगां बख्शते नै."

१३ ऑगस्ट, रविवार

गावाला जाऊन आले. जायला नको होतं.

आबा ओट्यावर बसलेले. चंपाआत्या – आबांची धाकटी बहीण, त्यांच्यासोबतच राहते – तिने चहा आणला. आबांनी घेतला नाही. माझ्याकडे न बघताच सुरुवात केली.

"ते पाणी सोड."

समजावलं. आम्ल सांगितलं, जस्त सांगितलं, फिल्टरचं सांगितलं. शांतपणे सांगितलं! अतुलची शपथ, आवाज चढवला नाही. एवढंसं पाणी गावाला दोन दिवसही पुरणार नाही, हेही सांगितलं.

तर म्हणाले, "सवाल पाण्याचा नाय. अडवायचा हाय."

आणि मग ते सुरू झाले. आजीचं. लहानपणापासून ऐकलेलं – आजी विहिरीच्या काठापासून लांब, घागर घेऊन बसायची. विहिरीला हात लावायचा नाही. कुणाला दया आली आणि त्याने वरून ओतलं तर पाणी. नाहीतर संध्याकाळी रिकामी घागर घेऊन परत. आबा तेव्हा तिच्या पदराला धरून बसलेले. म्हणून दर वर्षी वीस मार्चला हा माणूस महाडला जातो. ताप असो, पाय सुजोत. तळ्याचं ओंजळभर पाणी पिऊन येतो. मलाही लहानपणी खांद्यावर बसवून नेलं होतं.

"तव्हा ते म्हणायचे, आपल्या हातानं पाणी बाटंल. आता तू म्हणती पाणीच बाटलेलं हाय. काय फरक पडला गं? घागर रिकामीच ना?"

"आबा, ते वेगळं होतं, हे –"

"चाक कुणाच्या हातात हाय? माझ्या पोरीच्या! ह्याच्यासाठी शिकवली व्हय तुला?"

आत्या मध्ये पडली, "दादा, पोर घरी आली, जेवू तर द्या." मी नाही जेवले. मलाही राग आहे! मी कुणासाठी अडवते ते पाणी? साहेबांच्या शेळ्या पितात का नाल्यावर?

घरी येऊन रडले. रागानेच रडले बहुतेक.

१५ ऑगस्ट, मंगळवार

कंपनीत झेंडावंदन, बुंदीचं पाकीट. आबांना तीनदा फोन लावला. उचलला नाही.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन टेबलावर हात आपटला. आयुष्यात पहिल्यांदा. फिल्टरचा भाग आणा, नाहीतर गावाला कंपनीकडून चांगल्या पाण्याचे टँकर द्या. "संध्यामॅडम, तुम्ही गावाच्या की कंपनीच्या?" दात काढून विचारलं. म्हटलं, मी त्या नाल्याची. काय सुचलं कुणास ठाऊक. एक टँकर मंजूर झाला.

१९ ऑगस्ट, शनिवार

टँकर गेला. आत्याने फोनवर सांगितलं – सगळ्यांनी भरलं. आबांनी घागर पुढे केली नाही. "भीक नको," म्हणाले म्हणे.

२२ ऑगस्ट, मंगळवार

आज गाव कंपनीच्या दारात बसलं. धरणं. 'साफ करून द्या, नाहीतर सोडा' – पुठ्ठ्यावर लिहिलेलं. अक्षर आबांचं. त्यांचा 'फ' कुठेही ओळखेन मी. आबा पहिल्या रांगेत, निळा गमछा डोक्याला, भर उन्हात.

साहेब मागच्या दाराने गेले. मी पुढच्या दाराने गेले. बाकीचे खिडकीतून बघत होते – बापलेकीचा तमाशा फुकटात.

दुपार झाली तरी आबा हलेनात. शुगरचा माणूस, किडनीचा माणूस. ओठ पांढरे पडलेले दिसत होते मला लांबून. राहवलं नाही. माझी बाटली भरून घेतली, घरून आणलेल्या पाण्याची, आणि गेले. त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

"आबा, घोटभर घ्या."

सगळं गाव बघत होतं. त्यांनी बाटलीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"तुझ्या हातचं नको."

हळूच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आमच्या हातचं पाणी कुणी घ्यायचं नाही, ते दिवस आबांनी बघितले. मी नाही बघितले – त्यांनी मला ते बघूच दिले नाहीत. शाळेत मला वेगळ्या ग्लासाने पाणी दिलं तेव्हा हेडमास्तरांच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले होते ते, ग्लास घेऊन. आज त्याच माणसाने माझ्या हातचं घेतलं नाही.

बाटली तिथेच जमिनीवर ठेवून उठले. आत आले. तोंड धुतलं. कुणीतरी म्हणालं, मॅडम, चहा? प्यायले. चवच कळली नाही.

२३ ऑगस्ट, बुधवार

काही नाही लिहायला.

३० ऑगस्ट, बुधवार

फिल्टरचा भाग आला – चुकीच्या मापाचा! परत पाठवला. शिवराजसाहेब म्हणाले, "बघू." मी हसले. अशी हसले की त्यांनी फाईल मिटली.

अतुल एकटा गावाला जाऊन आला. आबांशी गप्पा झाल्या म्हणे. राजकारण, पाऊस, शाळा. माझं नाव निघालं का? "नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "मी निघताना विचारलं त्यांनी, हाताचा फोड बरा झाला का." कुणाच्या हाताचा ते नाही बोलले. त्याने त्यांना कधी सांगितलं होतं फोडाचं, देव जाणे.

४ सप्टेंबर, सोमवार

नीट लिहिता येत नाही.

मी केबिनमध्ये होते, फिल्टरवरूनच भांडत. गयासभाई धावत आले. "मॅडम, जाली काटे! गेट खोल दिए!" मी मागे पळाले. गोकुळ आणि चारपाच जण चाकाला लोंबकळलेले. गेट वर. हौदाचं तोंडही उघडलेलं. पाणी सुटलं होतं – महिनाभर आटलेलं, कडक झालेलं, सगळं.

भिंतीवरून खाली बघितलं. नाल्याच्या काठावर सगळं गाव. हातात घागरी, बादल्या. शेळ्या. आणि खाली पात्रात, एकटे, आबा. पाणी त्यांच्या पायापर्यंत आलं. त्यांनी वाकून तांब्या भरला.

"आबा!"

अशी किंचाळले की घसा अजून दुखतोय. त्यांनी वर बघितलं. माझ्याकडेच. आणि तांब्या तोंडाला लावला. महाडला ओंजळ लावतात तसा. घटाघटा. पूर्ण! मग गमछाने तोंड पुसलं.

कुणीच हललं नाही. काठावरचे सगळे त्यांच्याकडे बघत उभे.

मी चाकावर पडले. गयासभाई आले, दोघांनी मिळून गेट पाडलं. निम्म्याहून जास्त गेलं होतं.

माझ्याकडे बघत प्यायले. मला दाखवून! कसला हा हट्ट? कसला सूड? बापाने पोरीवर असा सूड घ्यावा? मी भिंतीवरून ओरडत होते, ओका, ओकून टाका! ते पाठ फिरवून गावाकडे चालू लागले. सावकाश. मी रस्त्याने फिरून गावात पोचले तर आतून कडी. आत्या दाराशी – "आता नको बाई. निजलेत. म्हणतात काई झालं नाय."

मी कडी तोडायला हवी होती.

५ सप्टेंबर, मंगळवार

पहाटे आत्याचा फोन. उलट्या थांबत नाहीत, पोटात आग, डोळे फिरवतात. गोकुळने स्वतःच्या टेम्पोतून शहरात आणलं. दवाखान्याच्या दारात त्याने माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. मी डॉक्टरांना सांगितलं – आम्ल, जस्त, क्रोम. माझ्या तोंडून पाढ्यासारखं निघत होतं. डॉक्टर विचारतात, तुम्हाला एवढं कसं माहीत? काय सांगू?

६ सप्टेंबर, बुधवार

साहेबांना पोलिसात तक्रार द्यायची आहे. जाळी कापली, गेट उघडलं. नावं द्या म्हणाले. म्हटलं, पहिलं नाव माझं लिहा, गेटची जबाबदारी माझी होती. आणि दुसरं फिल्टरचं लिहा. "बघू," म्हणाले. या वेळी त्या बघूचा आधार वाटला.

गावात एकही शेळी दगावली नाही. कुणालाही काही झालं नाही. त्यांचीच धास्ती होती मला. फक्त आबा. त्यांनाच हौस!

८ सप्टेंबर, शुक्रवार

लघवी बंद. डायलिसिस सुरू केलं. डॉक्टर म्हणाले, किडन्या आधीच थकलेल्या, त्यात एवढ्या उलट्या, शरीर सुकून गेलं. नुसत्या त्या पाण्यामुळेच, असं म्हणता येणार नाही. सांत्वनाला बोलले असतील. मला म्हणता येतं.

पाऊस आला आज. दवाखान्याच्या पत्र्यावर वाजला. सवयीने उठून उभी राहिले. गयासभाईंचा मेसेज – 'गेट बंद किया. आप अब्बा को देखो.'

१० सप्टेंबर, रविवार

आता पाणी मोजून. शरीरातून बाहेर जात नाही म्हणून आत जास्त द्यायचं नाही. नर्सने बजावलं – "मागतील. कितीही मागू द्या. तुम्हीच कडक राहायचं."

मीच! या जगात दुसरं कुणी नाही का?

१२ सप्टेंबर, मंगळवार

आज शुद्धीवर होते. डोळे उघडले, मला बघितलं. मी म्हटलं, आबा, काहून केलं असं? लहान असताना बोलायचे तसंच आलं तोंडात, काहून.

मग म्हणाले, "तुझं पाणी बघितलं मी." आणि वर – "लई कडू व्हतं."

मला टोचलं ते. आता तरी टोमणा मारू नये माणसाने! पण हात हातात घेतला तर सोडवून घेतला नाही. तळहात उलटा करून बघत राहिले. फोडाची जागा. अंगठा फिरवला तिथे.

मी विचारलं, अजून राग आहे? "पाणी अडवायचं नस्तं," म्हणाले. "साफ करून सोडायचं." मग झोपले. शेवटपर्यंत धरणंच!

१५ सप्टेंबर, शुक्रवार

"तांब्याभर दे."

सकाळपासून एवढंच. जीभ टाळ्याला चिकटलेली. ओठांना भेगा. आत्या तोंड फिरवून बसली. अतुल बाहेर गेला. राहिले कोण? मी.

"आबा, दोन चमचे देते."

"तांब्याभर दे गं, माय."

माय म्हणाले मला. कधी म्हणत नाहीत. त्यांचा हात माझ्या हातातल्या ग्लासाकडे आला. मागच्या महिन्यात माझ्या हातचं नको म्हणाले होते. आज माझ्याच हातचं मागत होते! आणि मी? दोन चमचे. कापूस ओला करून ओठांवरून फिरवला. ग्लास मागे, त्यांना दिसणार नाही असा टेबलावर ठेवला. डॉक्टर म्हणतात फुप्फुसात पाणी होतंय, एक ग्लासही घात करेल.

बरोबरच असेल. मी नेहमी बरोबरच असते.

१६ सप्टेंबर, शनिवार

सकाळी आबा गेले.

१९ सप्टेंबर, मंगळवार

सगळं गाव आलं होतं अंत्ययात्रेला. गोकुळने खांदा दिला. पूर्ण रस्ताभर त्याने खांदा बदलला नाही. बायका माझ्याजवळ बसल्या, त्या शाळेतल्या दोघीसुद्धा. एकीने माझे केस सारखे केले. कुणीही मला वाकडा शब्द बोललं नाही. शिव्या द्यायला हव्या होत्या. ही माया मला सहन होत नाही.

शिवराजसाहेब हार घेऊन आले. नवीन फिल्टर बसवलं म्हणाले. आता!

२४ सप्टेंबर, रविवार

आज जलदान विधी झाला. घरासमोर मांडव, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, मध्ये आबांचा फोटो – महाडचा, तळ्याकाठचा, गमछा ओला. भन्तेजी बसले. त्रिशरण, पंचशील. मग पितळी ताटात वाटी ठेवली आणि माझ्या हातात तांब्या दिला. मूल म्हणून मी एकटीच. भन्तेजींचं म्हणणं चालू असताना वाटीत पाणी ओतत राहायचं. सावकाश. वाटी भरू द्यायची, भरून वाहू द्यायची, ताटात पडू द्यायची. थांबायचं नाही. आपलं पुण्य त्यांना द्यायचं, पाण्यासारखं.

मी ओतत होते. वाटी भरली. वाहिली. तांब्या रिकामा झाला तर आत्याने दुसरा दिला. तोही ओतला.

जिवंतपणी दोन चमचे. आता तांब्यावर तांब्या!

तिथेच मोडले मी. तांब्या हातातून सुटला, पाणी चटईवर, भन्तेजींच्या चीवरावर. कुणी उचललं मला ते आठवत नाही. एवढंच ओरडत होते म्हणे – पिऊ द्या, त्यांना पिऊ द्या.

आत्या मला कुशीत घेऊन काहीतरी सांगायला लागली होती. मग गप्प झाली. गोकुळकडे बघितलं तिने. त्याने मान हलवली, नको म्हणून. असेल काही गावातलं.

२६ सप्टेंबर, मंगळवार

राजीनामा लिहिला. उद्या देणार. अतुल म्हणाला, विचार कर. केला. ज्या चाकाने माझ्या बापाला माझ्यापासून तोडलं, त्याला मी पुन्हा हात लावणार नाही. ज्यांच्यासाठी अडवलं त्यांनी ऐकलं नाही. ज्याला पटवायचं होतं तोच विष पिऊन गेला, माझ्या तोंडावर. कुणासाठी फिरवू आता चाक?

आत्या आलीये राहायला. राजीनामा ऐकून तिचा चेहरा पडला. जेवली नाही नीट.

२७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी आत्याने हात धरून बसवलं. "दादानं शपथ घातली व्हती. मोडते." त्या दिवशी सगळे भांडी घेऊन नाल्यात उतरणार होते. शेळ्या, लेकरंबाळं, सगळी. आबा आडवे आले. "माझी पोरगी म्हणती हे पाणी खराब हाय. तुमी म्हणता ती कंपनीची झाली, खोटं बोलती. मंग थांबा. आधी मी पितो. मला सकाळपोतर काई नाय झालं तर तुमी प्या. झालं, तर माझ्या पोरीचं खरं." म्हणून काठावर सगळ्यांची भांडी रिकामी होती. म्हणून एकही शेळी मेली नाही.

आणि शपथ का घातली? "तिला कळलं तर नोकरी सोडंल. मंग त्या चाकाजवळ दुसरं कुणी यील. त्याला आपल्या नाल्याचं काय?"

ढग दाटलेत. राजीनामा फाडला. निघते – पाणी यायच्या आत गेट पाडायला हवं.